यंत्रबाई चालणार कुठून?

लालबागच्या भिकोबा चाळीत सन दोन हजार पंचवीस पहिल्यांदा आलं ते एकोणीसशे एक्क्याण्णव साली, गणपतीच्या मांडवात. आणलं कुशाबा घाडीने. गणपती असेपर्यंत ते राहिलं आणि विसर्जनानंतर सुटं करून, सुतळीने बांधून पोटमाळ्यावर टाकण्यात आलं.

कुशाबा गिरणीत फिटर होता. संपानंतर गिरणी गेली, तेव्हा त्याने लोकांचे मिक्सर, पंखे आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला घेतले. दादरच्या एका रद्दीवाल्याकडून तो जुनी मासिकं आणायचा आणि त्यातल्या विज्ञानकथा तेवढ्या वाचायचा. संध्याकाळी शेवंती भाकऱ्या थापायला बसली की तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. शेवंती मन लावून ऐकायची, पण तिला पडणारे प्रश्न लेखकांना पडलेले नसायचे. मंगळावर माणसांची वस्ती झाली की ती विचारायची, "थंय कपडे खंय वाळत घालतत?" यान दुसऱ्या सूर्याकडे निघालं की तिची शंका, "इतक्या माणसांची भांडी कोण घासता?" कुशाबा चिडायचा, मासिक मिटायचा, आणि दुसऱ्या दिवशी मिक्सर उघडून बसला असताना त्याच प्रश्नांची उत्तरं शोधायचा. छापलेल्या गोष्टीत ती नसायचीच.

म्हणून मंडळाने हलता देखावा करायला सांगितला तेव्हा त्याने पौराणिक प्रसंग घेतला नाही. 'सन दोन हजार पंचवीस : आपली चाळ' अशी पाटी रंगवली आणि थर्माकोलची उंचच उंच इमारत उभी केली. वायपरची मोटर आणि सायकलची चेन लावून तारेवरून टॅक्सी उडवली. दारं आपोआप उघडत होती. भिंतीएवढ्या टीव्हीवर कणकवलीची आत्या बोलत होती. प्रत्येक मजल्यावर कपडे वाळत होते, कारण ते नसते तर शेवंतीने विचारलं असतं.

उडत्या टॅक्सीकडे लोकांनी कौतुकाने पाहिलं. टाळ्या पडल्या त्या नळाला. चंदेरी झिरमिळ्यांचं पाणी त्या नळातून दिवसभर वाहत होतं, आणि चाळीत तेव्हा पाणी पहाटे यायचं आणि दात घासून होईपर्यंत जायचं. घरातल्या घरात संडासही दाखवला होता. त्यावर तळमजल्याच्या रामजीतात्यांनी हरकत घेतली की देवासमोर हे असलं शोभत नाही. मंडळाची बैठक झाली आणि भविष्यकाळातल्या संडासाला पडदा लावायचं ठरलं.

पण पोरांना वेड लावलं ते यंत्रबाईने. तेलाच्या डब्याची ही बाई, डोळ्यांच्या जागी विजेरीचे दोन बल्ब. गॅलरीतून घरंगळत एकेका दाराशी थांबायची आणि विचारायची, "जेवलात का हो?" आवाज शेवंतीचा. यंत्रासारखा घुमावा म्हणून तिने पितळेच्या कळशीत तोंड घालून कॅसेटवर भरला होता. कॅसेट भरताना तिला हसू आवरेना, म्हणून ते काम सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चाललं.

ही गॅलरी कुशाबाने वरपर्यंत प्रत्येक मजल्याला लावली होती. तो काही शोध नव्हता. इमारत म्हटली की जिना आला, छप्पर आलं, तशी गॅलरी आली. पाहायला आलेल्यांपैकीही कुणाला त्यात काही नवल वाटलं नाही.

पुढे कुशाबाने बरेच देखावे केले. चंद्रावरचं लालबाग केलं, समुद्राखालचं परळ केलं. पण चाळीच्या मनात घर केलं ते पहिल्यानेच. मोबाइल आले तेव्हा लोक म्हणाले, कुशाबाने दाखवलं होतं. घराघरात टाक्या बसल्या, पाणी दिवसभर येऊ लागलं, तेव्हाही तेच. जे आलं नाही ते लोकांनी सोयीने विसरून टाकलं. उडती टॅक्सी कुठे आहे असं कुशाबाला कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही विषय काढला नाही.

एक गोष्ट मात्र त्याने कधी कुठल्या देखाव्यात घातली नव्हती, ती म्हणजे शेवंतीचे डोळे. काचबिंदूने आधी एक नेला, मग दुसरा. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण चाळीतलं तिला जेवढं कळतं तेवढं डोळसांना कळत नाही. सकाळी चहा झाला की ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येते, डावा हात लाकडी कठड्यावर ठेवते आणि निघते. दारं उघडीच असतात, फार तर पडदा असतो. प्रत्येक दाराशी थांबायचं, "काय शिजता?" म्हणायचं, आणि वास घेऊन उत्तराच्या आधी आपणच सांगायचं. कोण खोकतंय, कुणाकडे भांडण झालंय, कुणाच्या घरात आज चूलच पेटलेली नाही, हे ती कठड्यावरून हात न उचलता ओळखते. शेवटच्या खोलीतली सुचित्रा चक्कर येऊन पडलेली तिनेच पहिल्यांदा 'पाहिली'. कुकरची शिट्टी संपून बराच वेळ झाला तरी गॅस बंद केल्याचा आवाज आला नाही, म्हणून.

एकाच दाराशी ती थांबत नसे. ते स्वप्नीलचं. त्याने लग्नानंतर एसी बसवला आणि एसीमुळे दार बंद ठेवावं लागतं. त्या दाराशी पोचली की शेवंती पाऊल उचलून पुढे जायची. तिथून कसलाच वास येत नसे.

हा स्वप्नील मंडळाचा सेक्रेटरी, आणि चाळीच्या पुनर्विकास समितीचाही. यंत्रबाईमागे धावत लहानाचा मोठा झालेला. टॉवरचा प्रस्ताव आला तेव्हा अर्ध्या चाळीला धास्ती होती. स्वप्नील सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "अरे, घाबरता कशाला? कुशाबाकाकांनी एक्क्याण्णवलाच दाखवला ना टॉवर? आपण सगळ्यांनी बघितलाय. तोच येतोय, सेम टू सेम." लोकांना पटलं. बघितलेल्या गोष्टीची काय भीती? पहिली सही कुशाबाने केली, छाती पुढे काढून. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी केल्या. नकाशे भिंतीवर लावले होते, पण ते पाहायला कुणी उठलं नाही.

आता नकाशावर शेवटचं शिक्कामोर्तब विसर्जनानंतरच्या सभेत व्हायचं होतं. जुन्या इमारतीतला हा शेवटचा गणपती, म्हणून मांडवाचा खर्च बिल्डरने उचलला आणि देखाव्याचा विषयही दिला : आपला नवा टॉवर. करणार अर्थात कुशाबा. वयामुळे त्याने हलते देखावे सोडले होते, पण यंत्रबाईचं नाव निघाल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

पोटमाळ्यावरून यंत्रबाई उतरली. गंजली होती, एक डोळा पेटत नव्हता, बाकी ठणठणीत. थर्माकोलवर बंदी आलेली, म्हणून पुठ्ठा आणि बांबू आणले. बिल्डरच्या आर्किटेक्ट मेघनाने नकाशांच्या प्रती पाठवल्या. कुशाबा खाली मांडवात बसून यंत्रबाईला ओढणारी चेन कुठून न्यायची ते नकाशात शोधू लागला. बराच वेळ शोधलं. नकाशा फिरवून पाहिला, मग उलटा करून पाहिला. चेन न्यायला जागाच सापडेना.

मेघना दादरची, बोलायला शुद्ध आणि स्वभावाने चांगली. साइट ऑफिसमध्ये तिने त्याला आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला.

"मॅडम, गॅलरी कुठल्या पानावर आहे?" कुशाबाने विचारलं.

"गॅलरी नाहीये, काका. आतून पॅसेज आहे. हा बघा, लिफ्टच्या दोन्ही बाजूंना."

"हा बाहेरून दिसतो कुठून?"

"बाहेरून नाही दिसत. मधोमध आहे ना तो. पण काळोख नसेल हं, माणूस आला की लाइट आपोआप लागतील."

"आणि ही दारं?"

"दारांना वर क्लोजर आहे. हात सोडला की दार आपोआप बंद होतं. आगीच्या दृष्टीने सुरक्षित." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने सावकाश विचारलं, "काका, हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं असेल," कुशाबा म्हणाला. "आम्ही विचारलं नाही."

तो उठला. चहा तसाच राहिला. परत येताना त्याला कुणाचा राग येईना, आणि तीच पंचाईत होती. बिल्डरने लपवलं नव्हतं, पोरगी खोटं बोलली नव्हती. गॅलरीवाला टॉवर चाळीला एकाच माणसाने दाखवला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. त्या मधल्या पॅसेजमध्ये, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि शेवंती डावा हात पुढे करून उभी आहे, असं त्याला भर दुपारी आंबेडकर रोडवर दिसलं. चाळीतली इतकी माणसं, आणि ती बाई चार भिंतींत एकटी पडणार होती.

घरी त्याने काही सांगितलं नाही. स्वप्नीलला तेवढं सांगितलं. स्वप्नील म्हणाला, "काका, तुम्ही लावा ना गॅलरी. देखावाच तर आहे. कोण मोजायला बसलंय? आता सभेच्या तोंडावर लोकांच्या डोक्यात किडा नको."

बोलणं अगदीच वावगं नव्हतं. चंद्रावर लालबाग वसवताना कुशाबाने कुणाची परवानगी घेतली नव्हती. त्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून ठेवल्या. प्रत्येक मजल्याला एक. फेव्हिकॉलचा डबा उघडला आणि परत बंद केला. असं दोन-तीन दिवस चाललं.

मग एका सकाळी शेवंती कठडा धरत, जिना उतरत खाली मांडवात आली. प्रत्येक देखावा ती आधी हाताने पाहायची, तसा पाहायला. कुशाबाने तिचा हात धरून पुठ्ठ्याच्या इमारतीवर ठेवला. तिची बोटं तळापासून वर गेली, परत खाली आली, मग बाजूने फिरली.

"कठडो खंय?"

"नाय हा."

"अजून लावूक नाय?"

"नाय गो. असोच हा. नकाशात गॅलरीच नाय."

शेवंतीची बोटं तिथेच थांबली. "मगे यंत्रबाई खंयसून जातली?"

"आतसून. मधी वाट हा. लायटी आपोआप पेटतत."

"माका लायटीचा काय करूचा हा?" तिने शांतपणे विचारलं. "आणि दारां?"

"आपोआप बंद होतत."

"तुमच्या एक्याण्णवातली आपोआप उघडायची," शेवंती म्हणाली.

पुठ्ठ्यावरून बोटाला लागलेलं फेव्हिकॉल सोलत ती थोडा वेळ बसली आणि मग मांडवाचे बांबू चाचपत जिन्याकडे गेली. कुशाबाने कापून ठेवलेल्या सगळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

देखावा उघडला तो नकाशाबरहुकूम. आतली वाट दिसावी म्हणून कुशाबाने टॉवरची एक बाजू कापून उघडी ठेवली होती. यंत्रबाई मधल्या पॅसेजमधून निघायची. समोरचा दिवा लागायचा, मागचा विझायचा. दाराशी थांबून ती बेल वाजवायची. दार उघडायचं. जुन्या कॅसेटवरचा शेवंतीचा तरुण आवाज कळशीतून यायचा, "जेवलात का..." आणि 'हो' म्हणेपर्यंत दार आपोआप बंद व्हायचं. मग पुढचं दार. तिथेही तेच.

पहिल्या दिवशी बाहेरची माणसं पोट धरून हसली. त्यांना वाटलं, कुशाबाने विनोद केलाय. चाळीतली माणसं पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा कमी हसली. सुचित्रा तीन वेळा रांगेत उभी राहिली आणि शेवटी मांडवातच एका खुर्चीवर बसून राहिली. "असं असतंय होय," ती शेजारणीला म्हणाली. आरतीला माणसं जमली तरी तिकडे डोळा ठेवून उभी. बिल्डरच्या माणसाने स्वप्नीलला फोन केला, स्वप्नीलने कुशाबाला विचारलं, "काय केलंत हे, काका?" कुशाबा म्हणाला, "सेम टू सेम."

विसर्जनानंतरच्या सभेत पहिल्यांदाच लोक उठून नकाशाजवळ गेले. मेघनाला प्रश्नांवर प्रश्न झाले. तिने एकेकाचं उत्तर दिलं. गॅलरी देता येईल, पण ती प्रत्येकाच्या घरातून कापावी लागेल. आतली छोटी खोली जाईल. मग मतं घेतली. हात वर झाले ते खोलीसाठी. पोरांना अभ्यासाला जागा हवी होती, सुनांना दार लावून कपडे बदलायला हवं होतं, सुचित्राच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना पलंग टाकायला हवा होता. कुणाचंही चुकत नव्हतं. कुशाबाने कुठल्याच बाजूला हात वर केला नाही. शेवंतीने केला, खोलीच्या बाजूने. "पोरां शिकतत ती," ती कुशाबाच्या कानात म्हणाली.

पॅसेजच्या दोन्ही भिंतींना आधारासाठी दांडा लावायचं मेघनाने स्वतःहून कबूल केलं आणि तिथल्या तिथे नकाशात आखून दिलं. दारांचं मात्र तिच्या हातात नव्हतं. क्लोजर राहणार.

देखावा सोडवला तेव्हा आत लावलेल्या लाकडी फळ्या उरल्या. कुशाबाने करवत घेतली आणि त्यांच्या पाचरी कापल्या, वीतभर लांब, एका बाजूला निमुळत्या. पॉलिश पेपरने घासल्या. दाराखाली सरकवली की क्लोजरला काय करायचं ते करू दे, दार हलत नाही. इतकी वर्षं भविष्यकाळ करत आला, पण त्यात खरोखर चालेल असा त्याचा शोध हा एकच.

त्याने एक पाचर शेवंतीच्या हातात दिली. तिने कडा चाचपल्या.

"ही आतसून लावची लागता मां?"

"होय."

"मगे लावतीत?"

सन दोन हजार पंचवीसमध्ये काय होईल हे कुशाबाने चौतीस वर्षं आधी सांगितलं होतं. दोन हजार तीसमध्ये, टॉवर उभा राहिल्यावर, शेजारी दाराला पाचर लावेल की नाही, हे त्याला सांगता येईना. "माका ठावक नाय," तो म्हणाला. असं तो तिला पहिल्यांदाच म्हणाला असावा.

शेवंतीने सगळ्या पाचरी पिशवीत भरल्या, डावा हात कठड्यावर ठेवला आणि निघाली. कुशाबा दोन पावलं मागे. प्रत्येक दाराशी थांबायची, पाचर द्यायची, "लावशील मां?" एवढंच विचारायची. लोक हो म्हणत होते. उघड्या दारात उभं राहून हो म्हणणं सोपं होतं, हे कुशाबाला कळत होतं.

स्वप्नीलच्या दाराशी ती पाऊल उचलून पुढे जाईल असं त्याला वाटलं. ती थांबली. दार वाजवलं. आत एसीचा आवाज येत होता. परत वाजवलं. स्वप्नीलने दार उघडलं. शेवंतीने पाचर पुढे केली आणि यावेळी काहीच विचारलं नाही. स्वप्नीलने ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली, आणि कुशाबाकडे पाहिलं. मग तो खाली वाकला, दार पूर्ण उघडलं आणि पाचर त्याखाली दाबून बसवली.

"अरे, एसी चालू आहे," आतून त्याची बायको नूपुर म्हणाली.

"असू दे गं," स्वप्नील म्हणाला.

गार हवा गॅलरीत आली. शेवंती कठड्याला पाठ लावून तिथेच उभी राहिली, नाक किंचित वर करून. इतक्या वर्षांत या घरातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"फोडणीक लसूण घातलास, नूपुर," ती म्हणाली. "करपता हा बघ."